मुलाला नेमके काय आले पाहिजे?

महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आपल्या समाजाला नवे नाही. ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी ते वस्त्यावस्त्यांतून सांगितले जाते. भिडेवाड्यातील शाळा, सावित्रीमाईंच्या अंगावर पडलेले शेण आणि चिखल, अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद हे प्रसंग आपल्या वसतिगृहातील पाचवीच्या मुलालाही ठाऊक असतात. ते सारे क्रमाने पुन्हा मांडावेत हा या लेखाचा हेतू नाही. जोतीरावांच्या सबंध आयुष्यात एक प्रश्न सतत जागा राहिलेला दिसतो आणि शिक्षक या नात्याने आम्हांस तो फार मोलाचा वाटतो. मूल शाळेत आले, काही वर्षे बसले आणि बाहेर पडले, तर बाहेर पडताना त्याला नेमके काय करता आले पाहिजे?

अध्यापक विद्यालयाच्या भाषेत यास उद्दिष्ट म्हणतात. अलीकडे अध्ययन निष्पत्ती असा शब्द रूढ झाला आहे. पाठाचे टाचण काढताना प्रत्येक शिक्षक तो रकाना आधी भरतो. पालकांना तो रकाना कधी दिसत नाही आणि दिसला तरी ती शिक्षकांच्या दप्तरातील एक औपचारिक बाब वाटते. खरे सांगावयाचे तर पुष्कळ शिक्षकांनाही ती तशीच वाटते. जोतीरावांच्या काळी टाचणवही नव्हती, परंतु उद्दिष्ट धूसर ठेवल्याने कोणाचे नुकसान होते आणि कोणाचे फावते, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे त्या शतकात फार थोड्यांनी ओळखले होते.

त्यांचा जन्म १८२७ मध्ये पुण्यात झाला. मूळचे गोऱ्हे आडनावाचे हे माळी कुटुंब पेशव्यांच्या दरबारी फुले पुरवीत असे, त्यावरून त्यांना फुले म्हणू लागले. आई चिमणाबाई जोतीरावांच्या अगदी लहानपणी वारल्या. वडील गोविंदरावांनी त्यांना पंतोजींच्या मराठी शाळेत घातले, पण थोडे लिहिणे-वाचणे आणि हिशेब येताच शाळेतून काढून शेतावर लावले. दुकानातील एका कारकुनाने माळ्याच्या मुलास विद्येचा उपयोग काय, असे त्यांच्या मनात भरवले, हे चरित्रकार सांगतात. हा प्रसंग आपण नेहमी जातीय दुष्टाव्याचे उदाहरण म्हणून ऐकतो आणि तो तसा आहेच. पण त्यात एक शैक्षणिक सिद्धान्तही दडलेला आहे. माळ्याच्या मुलाने काय शिकावे हे त्याच्या जन्माने आधीच ठरवून टाकले आहे, त्याहून अधिक आले तर ते वाया जाईल, असा तो सिद्धान्त. मुलासमोर कोणते उद्दिष्ट ठेवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे, हा वाद अशा रीतीने त्यांच्या वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापूर्वीच त्यांच्या घरात येऊन गेला होता.

शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांचे मन वळविले, म्हणून १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. १८४७ पर्यंत ते तेथे शिकले. थॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांच्या हाती आले ते याच सुमारास. १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत चालत असता त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी अहमदनगर येथे मिस सिंथिया फॅरार यांनी चालविलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि पुण्यात परत येऊन बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र या कामी त्यांच्या सोबत होते, ही गोष्ट लपविण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. शाळेचे ओझे मात्र मुख्यतः सावित्रीमाईंनी वाहिले. जोतीरावांनी त्यांना आधी स्वतः शिकविले आणि मग अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षणही त्यांनी घेतले. शिक्षक होण्यापूर्वी शिक्षकाने शिकले पाहिजे, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्यांनी आपल्या घरातून सुरू केली. १८४९ मध्ये या कामापायी पतिपत्नीस गोविंदरावांचे घर सोडावे लागले. पुढील दिवसांत उस्मान शेख यांचे घर आणि फातिमा शेख यांची साथ त्यांना लाभली.

१८५१-५२ पर्यंत पुण्याच्या निरनिराळ्या पेठांत मुलींच्या आणखी शाळा निघाल्या, तसेच महार-मांग आदी जातींच्या मुलांसाठीही. वाचन, अंकगणित, व्याकरण, भूगोल व नकाशे असे विषय तेथे शिकवीत. आमच्या मते या शाळांची सर्वांत धाडसी गोष्ट ही की त्यांच्या परीक्षा चारचौघांत होत. सरकारी अधिकारी, युरोपियन पाहुणे आणि कुतूहलाने जमलेले पुणेकर यांच्यासमोर मुली उभ्या राहत. मुलींना विद्या येत नाही, अतिशूद्रांच्या डोक्यात अक्षर शिरत नाही, अशी ज्या शहराची समजूत होती, त्या शहरासमोर मुलीने वाचून दाखवावे, हिशेब सोडवून दाखवावा, नकाशावर देश दाखवावा. मुलींचे मन सुसंस्कृत झाले किंवा त्यांच्यात विद्येची गोडी निर्माण झाली, असा मोघम दावा केला असता तर तो कोणी मानला नसता आणि कोणी खोडूनही काढला नसता. डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल असे काही मुलीने करून दाखविणे, हाच विरोधकांस देता येण्याजोगा पुरावा होता. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते.

त्या शाळांतून काय निष्पन्न झाले याचे एक उदाहरण आपणां सर्वांस ठाऊक आहे. मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. अक्षर ओळखणे, शुद्ध लिहिणे या पायऱ्या ती कधीच ओलांडून गेली होती. ज्या धर्मग्रंथांचा अधिकार आपल्याला नाही त्या ग्रंथांचा धर्म आपला कसा, असा तर्क ती मांडते. आपल्या बायकांची बाळंतपणे उघड्यावर कशी होतात हे सांगते. आपल्याच लोकांना शिकण्याची विनवणी करते. ज्ञान, आकलन, उपयोजन अशा ज्या पायऱ्या आम्ही अध्यापक विद्यालयात पाठ केल्या, त्यांच्या सगळ्यांत वरची पायरी, म्हणजे स्वतःच्या स्थितीचे परीक्षण करून निर्णय देणे, ती एका मांगवाड्यातील मुलीने त्या पायऱ्यांना नावे मिळण्याच्या शंभर वर्षे आधी गाठली होती. ब्लूम यांची ती सुप्रसिद्ध वर्गवारी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली.

याच १८५५ मध्ये जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. अडाणी कुणबी नवराबायको आणि त्यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, असा त्याचा विषय. त्याच वर्षी जोतीराव व सावित्रीमाईंनी राहत्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. नाटक आणि रात्रशाळा एकाच वर्षीची, हा केवळ योगायोग आम्हांस वाटत नाही. दिवसभर राबून आलेल्या प्रौढ माणसास आपण का शिकावे हे आधी पटले पाहिजे. मुलास पालक शाळेत घालतात, पण प्रौढ स्वतःच्या पायांनी येतो आणि त्याला शिक्षणाचा उपयोग दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी येत नाही. रात्रशाळा चालविणाऱ्या शिक्षकाला उद्दिष्ट लपविता येत नाही.

नऊ-दहा वर्षे या शाळांत काम केल्यावर जोतीराव त्यांच्या व्यवस्थेतून बाजूला झाले. १८८२ च्या निवेदनात त्यांनी त्याची कारणे सांगण्याचे टाळले आहे आणि आम्हीही तेथे तर्क लढवीत नाही. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहयुक्त शाळेतही त्यांनी काही वर्षे शिकविले. पुढे ते ठेकेदारीत उतरले. बांधकामासाठी लागणारा माल पुरविणे, मजुरांची तोंडे मोजणे, सरकारी अभियंते व कारकून यांच्याशी हिशेबाची देवघेव करणे, हा त्यांचा रोजचा व्यवहार झाला. या व्यवहाराने त्यांच्या शिक्षणविचारास धार आली असे आमचे मत आहे. हजेरीपटावर काय लिहिले आहे हे मजुराला वाचता येत नाही, तेव्हा त्याच्या घामाची किंमत दुसरा कोणी ठरवतो, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, समोर पाहिले होते. १८६९ मध्ये 'सत्यदीपिका' मासिकात त्यांनी विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजीवर पवाडा लिहिला. शूद्रांच्या मुलांकडे पंतोजी कसे दुर्लक्ष करतो, हा त्याचा विषय. शाळा आहे, मास्तर आहे, मूल हजर आहे आणि तरीही मुलाला काही येत नाही, या स्थितीवर मराठीत इतक्या स्पष्टपणे बोट ठेवणारे त्यापूर्वीचे लेखन आम्हांस तरी ठाऊक नाही.

१८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. 'गुलामगिरी'ची रचना संवादाची आहे. धोंडीराव विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. पंतोजींच्या शाळेत प्रश्न मास्तर विचारी आणि पोराने पाठ केलेले म्हणावे अशी रीत. येथे प्रश्न शिष्याच्या तोंडी आहेत. बहुजनांच्या मुलाला प्रश्न विचारता आला पाहिजे, हेही त्यांच्या दृष्टीने एक उद्दिष्टच होते, जरी त्यांनी ते कोठे तसे लिहून ठेवले नाही.

यानंतर दोन वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि पाहता पाहता तो पुणे-नगर भागातील अनेक गावांत पसरला. इतिहासात तो दख्खनचे दंगे या नावाने नोंदला गेला आहे. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस त्यातील एका गोष्टीचे नेहमी विशेष वाटत आले आहे. शेतकऱ्यांनी मुख्यतः सावकारांचे कर्जरोखे शोधून जाळले. ज्या कागदावर अंगठा उठविला, तो कागद वाचता आला नाही. वाचता आला नाही म्हणून त्यातील आकडा खरा की खोटा हे कळले नाही. कळले नाही म्हणून शेवटी जाळला.

हे रोखे, खतपत्रे, सारा भरल्याच्या पावत्या, कुलकर्ण्याची दप्तरे, कोर्टाचे कागद बहुतांशी मोडी लिपीत असत. शाळेतील छापील पुस्तके बाळबोध, म्हणजे आजच्या देवनागरी अक्षरांत असत. शाळेत जाऊन बाळबोध वाचावयास शिकलेला मुलगा घरी आला आणि बापाने त्याच्यापुढे सावकाराचा कागद टाकला, तर तो मुलगा त्या कागदापुढे बापाइतकाच निरक्षर ठरे. शाळेच्या पटावर तो साक्षर, व्यवहारात अडाणी. ही फट ज्याला दिसली त्याला शिक्षणाचे उद्दिष्ट कसे लिहावे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

१८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे अनाथ व उपाशी मुलांसाठी बालाश्रम उभा केला आणि सावित्रीमाई जुन्नर-ओतूर भागात अन्नछत्रांच्या कामात गुंतल्या. निवासी शाळेत काम करणाऱ्या आम्हां लोकांना धनकवडीचे हे पान अधिक जवळचे वाटते, इतकेच येथे नमूद करतो.

आता १८८२ कडे येऊ. भारतातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मुंबई इलाख्यातील अनेक संस्था व विद्वान यांनी त्यापुढे साक्षी दिल्या. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याच्या जुना गंज पेठेत राहणाऱ्या जोतीरावांनी आपले लेखी निवेदन पाठविले आणि सहीखाली आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली. निवेदन इंग्रजीत आहे. त्यात आपल्या अनुभवाची मर्यादा त्यांनी आरंभीच सांगितली आहे. आपला अनुभव पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हे त्यांनी कबूल केले आहे.

सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि त्यातून उच्चवर्गाच्या उच्च शिक्षणावर सढळ खर्च होतो, हा त्यांचा पहिला आक्षेप. वर लोकल फंडाचा उपकरही शेतकरीच भरतो, आणि इलाख्यातील दहांपैकी नऊ खेड्यांत, म्हणजे जवळपास १० लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, लोकल फंडाचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी द्यावा, नगरपालिकांवर आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळा चालविण्याचे बंधन कायद्याने घालावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सक्तीच्या मागणीचा उल्लेख प्रत्येक भाषणात होतो. त्यापुढची काही वाक्ये मात्र फारसे कोणी वाचीत नाही आणि आमच्या मते शिक्षकाने वाचावीत ती हीच.

मूल शाळेत आणून काय शिकवावयाचे हे जोतीरावांनी तेथे नेमके लिहिले आहे. मोडी आणि बाळबोध दोन्हींचे वाचन व लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल आणि व्याकरण यांची मूलतत्त्वे, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि त्याबरोबर नीती व आरोग्य यांवरील काही पाठ. मोडी हा शब्द या यादीत सर्वांत आधी यावा यात आम्हांस सुप्याच्या जळालेल्या रोख्यांची धग जाणवते. शेतीचा धडा पुस्तकातून शिकवून भागणार नाही हे जाणून, शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे आणि तेथे मुलांना प्रत्यक्ष काम शिकवावे, असे ते सुचवितात. शेतीविषयी आस्था निर्माण करणे असे ते लिहीत नाहीत. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीची आस्था शाळेने निर्माण करून द्यावी लागत नाही. पेरणीपूर्वी बी कसे पारखावे हे दाखवावे लागते.

चालू पाठ्यपुस्तकांवर त्यांची टीका दोन शब्दांत आहे: ती व्यवहारोपयोगी नाहीत आणि पायरीपायरीने चढत जाणारी नाहीत. यातील दुसरा आक्षेप आम्हांस अधिक सूक्ष्म वाटतो. उपयोगाची भाषा कोणीही करील. पण पहिल्या पायरीवाचून दुसरी चढता येत नाही, आणि ती पहिली पायरी ज्या मुलाच्या घरात आधीपासून आहे त्याला तिची उणीव भासत नाही, हे वर्गात उभे राहिलेल्या माणसालाच कळते. ज्याच्या घरी तीन पिढ्या पोथी आहे त्याच्यासाठी पुस्तक कोठूनही सुरू झाले तरी चालते. ज्याच्या घरात पहिले अक्षर त्याच्या पाटीवरून येणार आहे, त्याच्यासाठी पायऱ्यांचा क्रम हाच सारा आधार असतो.

खेड्यातील शाळांचा अभ्यासक्रम शहरापेक्षा थोडा कमी ठेवला तरी चालेल, पण व्यवहारोपयोगात तो उणा नसावा, असेही त्यांनी म्हटले आहे. हे वाक्य आज वाचताना आम्ही थोडे अडखळतो. खेड्यातील मुलासाठी कमी अभ्यासक्रम ही सवलत पुढे सापळा ठरू शकते, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. परंतु याच निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयी त्यांनी जे लिहिले ते सोबत ठेवून पाहावे. केवळ स्पर्धेने शिष्यवृत्त्या देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्याने मागे राहिलेल्या वर्गांत विद्या पसरत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी राखून ठेवाव्यात, असे त्यांनी सुचविले. पायरी खालून सुरू करावी, पण जिना वरपर्यंत गेलेला असावा, असा त्यांचा एकूण विचार आम्ही समजतो.

शिक्षकाबद्दलही ते मोघम नाहीत. त्या काळी प्राथमिक शिक्षकाचा पगार क्वचितच १० रुपयांच्या वर जाई. तो किमान १२ रुपये असावा आणि मोठ्या गावांत १५ ते २० असावा. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत. वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये. त्यांच्या प्रशिक्षणात शेती व आरोग्य यांचा समावेश असावा, असे त्यांनी लिहिले. जे मुलाला यावे अशी अपेक्षा, ते शिक्षकाला आधी यावे, हा त्यातील अर्थ उघड आहे. तपासणीविषयी त्यांचे म्हणणे असे की डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही साधत नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी आणि अधूनमधून आगाऊ सूचना न देता शाळेस भेट द्यावी. काय शिकवावे, कोणी शिकवावे आणि ते आले की नाही हे कसे पाहावे, अशी तीन अंगे या छोट्याशा निवेदनात एकमेकांना बांधलेली आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जोतीरावांनी आजच्या अर्थाने उद्दिष्टे लिहिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. हिशेब म्हणजे किती, त्रैराशिकापर्यंत की व्याजापर्यंत, हे निवेदनात नाही, आणि ते तेथे असण्याचे कारणही नव्हते. ते काम वर्गातील शिक्षकाचे. महापुरुषांनी सर्व काही आधीच सांगून ठेवले आहे असे म्हणत बसण्याची आपल्या लोकांना सवय आहे. ती शिक्षकाने लावून घेऊ नये, कारण मग शिक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही.

आणि ते काम आजही राहून गेलेले दिसते. टाचणांच्या कितीतरी वह्यांत विद्यार्थ्यांना आकलन होईल, आवड निर्माण होईल, जाणीव होईल अशी तीच वाक्ये बाजारी मार्गदर्शिकेतून वर्षानुवर्षे उतरलेली असतात. जाणीव झाली की नाही हे कोण आणि कसे पाहणार? असे उद्दिष्ट कधी चुकत नाही, म्हणून ते लिहिणारा शिक्षकही कधी चुकत नाही; चुकते ते फक्त मूल, तेही वर्षाअखेरीस, एकदम. याउलट विद्यार्थी घरातील विजेचे बिल घेऊन मागील व चालू रीडिंगमधील फरक काढतो आणि बिलावरील युनिट बरोबर आहेत का ते पडताळतो, असे लिहून पाहावे. हे वाक्य पालकाला समजते. मुलगी शनिवारी घरी गेली की आई बिल तिच्यापुढे ठेवून पाहू शकते. न आल्यास सोमवारी शिक्षकाला विचारू शकते. कोणता पाठ पुन्हा घ्यावयाचा हे शिक्षकालाही त्याच दिवशी कळते. रेशनच्या दुकानातील पावती, सातबाराचा उतारा, जातपडताळणीचा अर्ज, हे आपले आजचे मोडी कागद आहेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे तहसील कचेरीत किंवा बँकेत काम करतात ते याची साक्ष देतील.

मात्र एवढ्यावर थांबले तर मुक्ता साळवेचा विसर पडेल. बिल वाचता येणे पुरेसे नाही. बिल चुकीचे असेल तर अर्ज लिहिता आला पाहिजे, आणि आपल्याच वस्तीत बिले का चुकतात हा प्रश्न विचारता आला पाहिजे. हेही करून दाखविण्याजोगे आहे, म्हणून तेही टाचणात लिहिता येते.

हंटर आयोगाने जोतीरावांची सक्तीची मागणी मान्य केली नाही. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. ११ मे १८८८ रोजी मुंबईतील सभेत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी त्यानंतर डाव्या हाताने लिहून पुरे केले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हा माणूस लिहिण्याची पहिली पायरी पुन्हा चढला, असे आम्ही वर्गात सांगतो. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीमाईंनी धरले. पुस्तक पुढच्या वर्षी छापून निघाले.

सक्तीचे प्राथमिक शिक्षण राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सुरू केले. जोतीरावांना आपल्या तीन गुरूंपैकी एक मानणाऱ्या आणि १९४६ मध्ये शूद्र मूळचे कोण होते याचा शोध घेणारा आपला ग्रंथ त्यांना अर्पण करणाऱ्या बाबासाहेबांनी तो प्रश्न मुंबई विधिमंडळात पुन्हा उभा केला. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सभागृहापुढे आकडा ठेवला: प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. किती शाळा काढल्या आणि किती मुले पटावर आली यावर समाधान मानणाऱ्या सरकारला त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे उद्दिष्ट मोजता येईल अशा शब्दांत सांगितले. शाळेत शिरलेले प्रत्येक मूल साक्षर झाल्यावरच बाहेर पडावे आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहावे. त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्च रोजी, ते महाडला चवदार तळ्याच्या काठी होते.